मुकुट काढायची घाई

आधी एक सांगून ठेवतो, तो मुकुट भयंकर खाजतो. पुठ्ठ्याचा आहे, वरून बेगड चिकटवलेली, आणि आतून माझ्या बापसाच्या वेळेपासूनचा काथ्या. घटकाभर डोक्यावर ठेवला की माणसाला राज्य नको होतं. लोक मला विचारतात, काशीराम, तुला मुकुट काढायची एवढी कसली घाई झाली होती? मी म्हणतो, एकदा घालून बघा, मग बोला. पण ते म्हणतात ते खोटं नाही. घाई केली नसती तर पुढचं काही झालं नसतं. किंवा झालं असतं, पण वेगळं. मला अजून नीट कळलेलं नाही.

आमचा गाव पालीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला. शिमग्यात देवीची पालखी देवळातून निघते आणि सहाणेवर येऊन बसते. सहाण म्हणजे गावाच्या मधला दगडी चौथरा. पालखी तिथे असेपर्यंत तिच्यासमोर आम्ही खेळे, म्हणजे सोंगं घेणारी मंडळी, नाचतो, आणि शेवटच्या दिवशी दुपार कलली की वग लावतो. वग एकच, कनकपूरचा. कनकपूरचा राजा मणिकेतू. त्याच्या राज्याला समुद्राच्या बाजूने एक दरवाजा, आणि समुद्रात राक्षस. राजाचा मोठा सरदार घनवर्मा राक्षसाला फितूर होतो आणि काळोखात तो दरवाजा उघडून देतो. दरवाज्यावरचा पहारेकरी त्याला उजेड दाखवतो. राक्षस निम्मं कनकपूर खाऊन टाकतो. मग राजा उडत्या घोड्यावरून येतो, राक्षसाला मारतो, आणि दरबार भरवून निवाडा करतो.

निवाडा असा. राजा सरदाराला म्हणतो, "घनवर्म्या, तुझ्या वाडवडिलांनी या गादीला खांदा दिला. जा, तुझ्या वतनावर जाऊन बस, बारा वर्षं तोंड दाखवू नको." आणि पहारेकऱ्याकडे न बघता म्हणतो, "याला सुळावर द्या." सुळावर जाताना पहारेकरी मारणाऱ्याकडेच तंबाखूला चुना मागतो, आणि माणसं पोट धरून हसतात. मी पण लहानपणी हसायचो.

सोंगं घराण्यात वाटून दिलेली. राजाचं सोंग आमच्या घरात. आम्ही खोताची कुळं, आपलं म्हणायला मातीचं ढेकूळ नाही, पण वर्षातून एक दिवस राजे. घनवर्मा रावजीच्या घरात. रावजी मानकरी, पालखीला पहिला खांदा त्याचा. त्याचा हात लागल्याशिवाय पालखी उठत नाही. आणि पहारेकरी बाबल्या. बाबल्या म्हणजे माझ्या बहिणीचा, तुळसाचा नवरा. गावातल्या गावातच दिलेली आहे ती, ओढ्याच्या, म्हणजे आमच्या पर्‍याच्या पलीकडे.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं तुम्हांला वेड्यांचा बाजार वाटेल. वग सुरू व्हायच्या आधी गुरव देवीला गाऱ्हाणं घालतो: "आई, पोरं खेळतायत. वाडवडील बोलत आले तेवढंच बोलतील. त्यात खरं येईल, खोटं येईल, त्याचा दोष कोणाला लावू नको." म्हणजे ठरलेलं बोललात तर तो खेळ. ठरल्याबाहेर एक शब्द गेला, तर त्याला गाऱ्हाण्याचा आधार नाही. तो देवीसमोर दिलेला खरा शब्द, आणि गावाला तो पाळावा लागतो. बापसाने मला हे कान पिळून शिकवलेलं होतं.

तर गेल्या कापणीची गोष्ट. गावाने देवळात नारळावर हात ठेवून शपथ घेतली, की खोताकडे वेठीला, फुकट राबायला, आता कोणी जायचं नाही. त्याचं भात उभं राहू दे शेतात, मग तो आपणहून बोलायला येईल. फक्त हे त्याला आधी कळता कामा नये. ते कळलं. खोताने परगावची माणसं आणून कापणी उरकली, आणि पुढाकार घेतलेल्या चार कुळांच्या जमिनी काढून घेतल्या. त्यात एक तुकडा आमचा. माझ्या आज्याने कातळ फोडून, माती वाहून केलेला. त्या दिवशी मी घरी जेवलो नाही.

सांगितलं कोणी? खोताचा गडीच पालीच्या बाजारात फुशारकी मारत बोलून गेला. रावजीने. काळोख पडल्यावर तो खोताच्या घरी गेला होता, आणि माडाच्या झावळीची पेटती चूड घेऊन त्याच्या पुढे चालत होता बाबल्या.

आता बोला! वग आम्ही दर वर्षी खेळतो, आणि या खेपेला तो आपणहून गावात येऊन बसला. मी बाबल्याला विचारलं, "तुला ठाऊक होता काय?" तर म्हणतो, "रावजीन हाक मारलान, मी गेलू. उजेड दाखवणाऱ्यानं कुठं जायचा ता इचारायचा असता काय?" मी म्हटलं, "आणि परत येताना?" तेव्हा गप्प. म्हणजे परत येताना त्याला कळलं होतं, आणि त्याने तोंड उघडलं नाही.

गावकी बसली. गावकीचा म्होरक्या तो गावकर. त्याने निवाडा दिला: रावजीने देवीपुढे एक नारळ ठेवून 'चुकलं' म्हणायचं. बाबल्या वाळीत. त्याच्या घरी कोणी जायचं नाही, विस्तव द्यायचा नाही, त्याच्या घरातल्या कोणाशी बोलायचं नाही. जो बोलेल तो पण वाळीत.

"ह्यो कसला न्याय?" मी विचारलंच. गावकर म्हणाला, "काशीराम, रावजीला बाहेर काढला तर शिमग्याला पालखीला पयला खांदा कोन देनार? तू?" खरं सांगतो, मला दोघांचाही संताप आला होता. मेव्हण्याचाही. पण एकाला नारळ आणि एकाला वाळीत, हे काही केल्या घशाखाली उतरेना.

*

वाळीत टाकलेल्या माणसाशी बोलायचं नाही, पण म्हशीशी बोलायला बंदी नाही. तुळसा पर्‍यावर म्हैस आणायची. मी अलीकडे दगडावर बसून विडी ओढायचो, पाठ करून. ती म्हशीच्या पाठीवर पाणी मारत म्हशीला सगळं सांगायची.

एक दिवस म्हशीला म्हणाली, "गो, माझे दिवस भरत आले. गेल्या टायमाला पोर पायाळू होता, सोनूबाय होती म्हणून मी तरी वाचली. पोर गेला. ह्या टायमाला पन तसाच वाटताय. सोनूबाय आली नाय तर मी पन जाईन. दादाला सांग."

माझ्या हातातली विडी विझून गेली. सोनूबाई आमच्या गावाची सुईण. गावातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली, मी पण. मी तसाच उठून तिच्याकडे गेलो. ती तांदूळ निवडत होती.

"सोनूबाय, तुळसाकडे तू जायला पायजेस."

"गावाला इचार."

"गाव नाय म्हनतो."

"मग मला कशाला इचारतोस?" ती सुपातनं मान वर न करता म्हणाली. "मला पन सून हाय, नातवंडा हायत. माझ्यामुळं ती वाळीत पडतील. तू जा पायाबिया पड गावकराच्या."

पडलो की! गावकर म्हणाला, शिमगा होऊ दे, मग बघू. पोट शिमग्यासाठी थांबतं काय? पण बोलणार कोणाला.

*

शिमग्याच्या आधी तालमी सुरू झाल्या. मुंबईवरनं गिरणीतली पोरं आली. पहारेकऱ्याचं सोंग उभं कोण करणार म्हणून प्रश्न पडला, तेव्हा शिवा पुढे आला. शिवा आमच्याच आळीतला, परळला गिरणीत असतो, आणि तिकडे सभांना जाऊन जाऊन त्याला प्रश्न विचारायची खोड लागलेली.

निवाड्याच्या जागी आलो आणि हा मधेच थांबला. "काशीदादा, ह्यो राजा घाबरट हाय काय?"

"गप रं. पुढं बोल."

"नाय, सांग ना. निम्मा गाव राक्षसानं खाल्लान सरदारामुळं. आनि राजा त्याला सांगतो, जा, वतनावर जाऊन आंबे खा. उद्या दुसरा सरदार दरवाजा उघडील. त्याला कसली भीती?"

सोनूबाई तालीम बघायला कोपऱ्यात बसलेली असायची. ती म्हणाली, "मेल्या, एक राक्षस मेला म्हंजे दर्या आटला काय? दुसरा येईल. तेव्हा दरवाज्यावर लढाया मानसा कोनाची? सरदाराची. त्याला मारलान तर ती मानसा राजाला इचारतील?"

"मग पहारेकऱ्याला कशाला मारायचा? त्याला पन सोडा!"

"त्याला सोडला तर उद्या कुनीपन उजेड दाखवील."

"म्हंजे कुनाला तरी मारायचा, म्हनून जो स्वस्त पडतो त्याला मारायचा!"

यावर सोनूबाईने पानाची पिंक टाकली. माझं तर डोकं भणभणायला लागलं. शिवा बोलला की वाटायचं, हेच खरं. सोनूबाई बोलली की वाटायचं, अरे, हे पण खरंच. माझ्या बापसाला हा प्रश्न कसा पडला नाही? पडला असेल, पण त्याचा मेव्हणा पहारेकरी नव्हता.

रावजी भिंतीला टेकून बसला होता. सगळा वाद त्याने ऐकला. मागाहून घरी जाताना वाटेत मला म्हणाला, "काशीराम, मी खोताला सांगितला, कारन भात उभा राह्यला असता तर तो पोलीस आननार व्हता. मला वाटला, आधी समजला तर तो नरमंल, मारामारी टळंल."

"आनि आमच्या जमिनी?"

"ता मला वाटला नव्हता."

"आनि बाबल्या?"

तो खाली बघत चालत राहिला. वळणावर आल्यावर म्हणाला, "मी नारळ ठेवला ना, त्या दिवसापासून माझ्या डोळ्याला डोळा कोन देत नाय. मला वाळीत न टाकता टाकलात तुम्ही." मी मनात म्हटलं, तुझ्या घरी विस्तव आहे, सुईण आहे, तू कशाला रडतोस. पण तो रडत नव्हता, नुसतं सांगत होता. घरी येऊन मी बायकोवर उगाचच खेकसलो.

*

शेवटचा दिवस उजाडला. दुपार कलली, सहाणेभोवती सगळा गाव जमला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. मृदंग घुमला, शिमग्यातलं काळं सोंग, संकासुर, नाचून गेला, राक्षसाने निम्मं कनकपूर खाल्लं, मी उडत्या घोड्यावरून, म्हणजे लवूच्या खांद्यावरून, उतरलो आणि राक्षसाला मारला. लवू म्हणजे ज्यांच्या जमिनी गेल्या त्या चारांतला एक. अंगाने दांडगा म्हणून घोडा दर वर्षी तोच. मग दरबार भरला.

रावजी समोर गुडघे टेकून बसला. तोंडाला रंग, गळ्यात काचेच्या माळा. त्याच्या शेजारी शिवा. आता शिवाने पहारेकरी म्हणून काहीतरी चाळे करायचे, माणसांना हसवायचं. तो नुसता उभा राहिला. हातात एक विझलेली चूड घेऊन आला होता. ती त्याने खाली जमिनीवर, माझ्या पायाशी ठेवली.

कोणी हसलं नाही. झांजवाल्याची झांज हातातच राहिली. माझी नजर वर गेली, माणसांच्या डोक्यांवरून, पर्‍याच्या पलीकडे. तिथे फणसाच्या बुंध्याला टेकून तुळसा उभी होती. वाळीत टाकलेल्यांनी लांबून बघायला हरकत नसते. एक हात कमरेवर, एक पोटाखाली. ती वगाकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

मी तोंड उघडलं. "घनवर्म्या, तुझ्या वाडवडिलांनी या गादीला खांदा दिला..." इथपर्यंत बरोबर. पुढचं आठवेना. आठवेना कसलं, आठवत होतं, जीभ उचलेना. घाम आला, त्यात तो काथ्या खाजायला लागला. आणि माझ्या तोंडून निघालं, "गुन्हा दोघांचा. म्हणून दोघांना शिक्षा एकच!"

एवढंच. कोणती शिक्षा ते बोललो नाही, कारण मलाच ठाऊक नव्हती. मृदंगवाल्याला वाटलं वग संपला, त्याने थाप मारली. आणि मी सवयीने मुकुट काढून काखेत मारला आणि डोकं कराकरा खाजवलं. आहाहा, काय बरं वाटलं! देवा, ते बरं वाटणं मला केवढ्याला पडलं.

खाजवून वर बघतो तर सगळा गाव माझ्याकडे बघतोय. गुरवाचे हात जोडलेलेच. गावकर उठला. "काशीराम, ह्या वगात नाय."

"नाय," मी म्हटलं.

"म्हंजे देवीसमोर शब्द गेला."

तिथल्या तिथे, पिंपळाच्या पारावर गावकी बसली. गावकर काही वाईट माणूस नाही. त्याला त्यातून वाट काढायची होती. म्हणाला, "राजा बोलला, दोघांना एकच. आता ती एकच कंची, ता राजानंच सांगावा. बोल काशीराम. नारळ की वाळीत?"

माझ्या जिवात जीव आला. "नारळ!" मी ओरडलोच. "नारळ! दोघांना नारळ!" मनात म्हटलं, सुटलो. आता सोनूबाईचा हात धरून तिला पर्‍यापलीकडे नेतो.

तेवढ्यात लवू उभा राहिला, पाठीला घोड्याचं कापड तसंच. "ह्या कोन बोलतो? राजा की मेव्हना?"

"राजा!" मी म्हटलं.

"मग मुकुट कुठाय?"

मुकुट माझ्या काखेत होता. मी तो घाईने डोक्यावर ठेवायला गेलो, तर माणसं हसली. सबंध वगात हसली नव्हती ती तेव्हा हसली. लवू हसला नाही. म्हणाला, "राजा एकच शब्द बोलला नि उतरला. ह्यो काशीराम बोलतो. काशीरामचा शब्द माझ्या शब्दाएवढाच. माझी जमीन गेली. मी सांगतो, दोघे वाळीत."

बाकीची कुळं उठली. मुंबईची पोरं उठली. मी शिवाकडे बघितलं. अरे, तू तरी म्हण, पहारेकऱ्याला सोडा म्हणून! पण तो रावजीकडे बोट करून ओरडत होता, "एक न्याय! सगळ्यांना एक न्याय!" त्याला हवं ते मिळालं होतं. गावकराने दोनदा हात वर केला, कोणी ऐकेना. शेवटी तो खाली बसला आणि म्हणाला, "बरा. दोघे वाळीत."

रावजी सगळं उभ्यानं ऐकत होता. त्याने गळ्यातल्या काचेच्या माळा काढून सहाणेच्या कडेला ठेवल्या आणि पालखीला नमस्कार केला. पालखी आता कोण उचलणार, हे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. आलं तेव्हा गावकराने कपाळाला हात लावला.

मी तिथेच दगडावर बसलो. काय केलं मी हे? बहिणीला सोडवायला गेलो आणि दुसरं एक घर बुडवून आलो. आणि तरी, खोटं कशाला बोलू, लवूचं बोलणं ऐकताना माझ्या मनात एक कोपरा होता त्याला बरं वाटत होतं. माझ्या आज्याच्या तुकड्यासाठी. मेलं, माणसाचं मन पण काय असतं.

*

ऊन उतरायला लागलं आणि पलीकडून किंचाळी आली. तुळसाची.

सगळे वळले. बाबल्या धावत पर्‍याच्या कडेला आला आणि थांबला. हाक मारायची त्याला सोय नव्हती. नुसते हात जोडून उभा राहिला, ओठ हलत होते, आवाज नव्हता. माणसं पालखीकडे बघायला लागली, आभाळाकडे बघायला लागली. मी सोनूबाईकडे बघितलं. ती लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत होती.

तेव्हा रावजीची बायको, हौसा, गर्दीतून बाहेर आली. मानकऱ्याच्या घरची बाई, उन्हात कधी फार दिसायची नाही. ती गावकरासमोर उभी राहिली. "आमी वाळीत ना?"

गावकर म्हणाला, "हां."

"मग वाळीतल्यांनी वाळीतल्यांकडे जाया हरकत नाय ना?"

हौसा उत्तराला थांबली पण नाही. पर्‍यात फाल्गुनात पाणी घोट्याएवढं; लुगडं जरा वर धरून ती पलीकडे गेली आणि बाबल्याच्या घरात शिरली. माझ्या डोळ्यांना एकदम पाणी आलं. ज्याच्या पायी माझी बहीण बुडाली त्याचीच बायको तिच्याकडे पहिली गेली, ती पण मी तिला वाळीत टाकली म्हणून. याचा अर्थ काय लावायचा सांगा मला.

थोड्या वेळाने हौसा दारात आली, हात रक्ताने माखलेले. तिने पण हाक मारली नाही. ती फणसाच्या झाडाला म्हणाली, मोठ्यानं, "पाय दिसताय! पयला पाय दिसताय! काय करू?"

सोनूबाई ताडकन माझ्या शेजारी आली. माझं मनगट धरलं आणि पलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात मला ओरडली, "काशीराम! तुला सांगते हां! अजाबात ओढू नकोस!"

"मी कुठं..."

"गप! कळा येतील तशा येऊ दे! तिला उकिडवी बसव, पाठीमागनं धर! हात कोमट पान्यानं धू!"

"बरं," मी म्हटलं. काय म्हणणार? हौसा आत पळाली. परत बाहेर आली, झाडाला काहीतरी म्हणाली, सोनूबाईने मला शिव्या घातल्या, "मेल्या, दुसरा पाय चाचपून बघ! घाबरू नको!" मी मान डोलवत होतो. सगळा गाव ऐकत होता आणि कोणी काही बोलत नव्हतं, कारण सोनूबाई वाळीत टाकलेल्यांशी कुठे बोलत होती? ती तर माझ्याशी बोलत होती.

मग हौसा दारात आली ती झाडाशी बोललीच नाही. सरळ सोनूबाईकडे बघून रडायला लागली. "खांद्यापाशी अडकलाय गो! मला नाय जमत!"

सोनूबाईने माझं मनगट सोडलं. लुगड्याचा काचा मारला आणि चालायला लागली.

"सोनूबाय!" गावकर ओरडला. "गावाचा शब्द हाय!"

ती पर्‍याच्या मध्यावर थांबली. वळली. "टाका मला वाळीत. तुझ्या सुनेला कितवा लागलाय, रं? सातवा ना? बघते कोन सोडवतो तिला." आणि गेली.

कोणीच तिला अडवलं नाही. लवूनेसुद्धा नाही, त्याची पण बायको पोटुशी होती.

मी दगडावर बसून मुकुटाची बेगड नखाने खरवडत होतो. डोक्यात सगळा गोंधळ. रावजीला गावाने सोडला, कारण त्याच्यावाचून पालखी अडत होती. तेव्हा मला ते पाप वाटलं. सोनूबाईला कोणी हात लावणार नव्हतं, कारण तिच्यावाचून बायका अडत होत्या. आणि आता मला ते देवाचं देणं वाटत होतं. माप तर तेच. मग पहिल्यांदा चुकलं की आत्ता चुकतंय? शिवा शेजारी येऊन उभा राहिला. त्याला मी विचारलं, तर म्हणाला, "दादा, मला पन काय कळंना."

दिवे लागायच्या सुमाराला आतून पोराचा आवाज आला. आधी बारीक, मग चांगला खणखणीत. बाबल्या अंगणात मटकन खाली बसला. इकडे कोणीतरी 'आई गे' म्हणून देवीला हात जोडले. रावजी पलीकडे कधी गेला होता ठाऊक नाही, तो बाबल्याच्या अंगणात पाणी तापवायला लाकडं फोडत होता.

सोनूबाई दारात येऊन म्हणाली, "झील हाय, पोरगा. आई पन बरी हाय." कोणाला म्हणाली ते तिने सांगितलं नाही.

आणि मग आतून तुळसाचा आवाज आला. अगदी बारीक, ओढत बोलल्यासारखा. म्हशीला नाही, झाडाला नाही. "दादा? दादा आलाय काय?"

मी उठलो. पुढे गेलो तर माझी गत काय होणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. रावजीवाचून पालखी अडते. सोनूबाईवाचून बाळंतपण अडतं. माझ्यावाचून या गावाचं काय अडतं? राजाचं सोंग? ते कोणीही करील. म्हणजे मला नारळ नाही, माफी नाही, दुसरी वाट नाही. पहारेकऱ्याला मिळतं तेच मला.

"काशीराम," गावकर हळूच म्हणाला, आवाजात दमच नव्हता, "नको जाऊस. पुढच्या वर्षी राजा कोन?"

मी मुकुट दगडावर ठेवला. "ज्याला खाजत नाय त्याला घालायला सांगा," मी म्हटलं, आणि पर्‍यात पाय घातला. पाणी गार होतं. पलीकडून तिने परत हाक मारली, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा मी तिला तोंड भरून ओ दिली.